मातीचं छोटं धरण आणि त्यामागचा तलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावावर फिरायला आलेली माणसं पाण्याकडे तोंड करून बसतात. धरण त्यांच्या बुडाखाली असतं, त्यामुळे ते कुणाला दिसतच नाही. छोट्या धरणांवर पाहणीसाठी हिंडताना लोकांनी मला जे प्रश्न वारंवार विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं साधारण पंधरा मीटर उंचीपर्यंतच्या मातीच्या धरणांपुरती आहेत. तुमच्या धरणाची नेमकी दुरुस्ती ठरवायला अभियंत्यानं जागेवर यायलाच हवं.

हा तर गवत उगवलेला उंचवटा आहे. याला धरण कशाला म्हणायचं?

कारण तो पाणी अडवून उभा आहे. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येत १५ मीटर किंवा त्याहून उंच ते मोठं धरण. ५ ते १५ मीटर उंची असली आणि साठा ३० लाख घनमीटरच्या वर असला, तर तेही मोठंच. त्याखालची सगळी छोटी. पण 'छोटं' हे मापाचं नाव झालं, खालच्या अंगाला राहणाऱ्यांना किती धोका आहे ते त्यातून कळत नाही. धोक्याचा वर्ग ठरवताना धरण फुटलं तर पाणी कुणाच्या दारात जाईल हे बघतात. त्यामुळे अगदी ठणठणीत धरणसुद्धा 'जास्त धोक्याच्या' वर्गात असू शकतं. पाटीवर तसं वाचून घाबरू नका, आणि पाटी नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

माती पाण्यात विरघळते. मग मातीनं पाणी अडतं कसं?

नुसती टाकलेली माती अडवत नाही, कुटलेली अडवते. भरावाच्या मधोमध चिकणमातीचा गाभा असतो, साइटवर त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग असतं, ते गाभ्याला आधार देतं. गाभ्याखाली पक्क्या थरापर्यंत खणलेली चर असते, तीही चिकणमातीनं भरलेली. पाण्याच्या अंगाला लाटांपासून बचाव म्हणून दगडी पिचिंग, आणि खालच्या अंगाला पायथ्याशी दगडांचा रॉक टो, म्हणजे आत आलेलं पाणी माती न आणता निघून जाईल. काही जुनी धरणं एकाच मातीची असतात. तीही चालतात, फक्त उतार जास्त पसरट ठेवावे लागतात.

सगळी करामत ओलाव्यात आहे. माती फार कोरडी असली तर रोलर कितीही फिरवा, ढेकळांमधली हवा निघत नाही. फार ओली असली तर ती रोलरखाली लोण्यासारखी सरकते. मधे कुठेतरी एक ओलावा असा असतो की तिथे माती सर्वांत घट्ट बसते. हे पद्धतशीर मांडलं राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्यानं, १९३३ मध्ये. आजही साइटवर 'प्रॉक्टर किती आलं?' असंच विचारतात. थर १५ ते २० सेंटिमीटरचा, मग पाणी, मग रोलर, मग पुढचा थर. मुकादम मंडळी मूठभर माती दाबून बघतात: गोळा टिकला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. प्रयोगशाळेची चाचणी त्यामुळे टळत नाही, पण मुठीचा अंदाज बहुधा जवळपास येतो.

तलाव दोन किलोमीटर लांब आहे. एवढ्या पाण्याचा भार धरण कसं पेलतं?

पेलतच नाही. धरणावरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, लांबीवर नाही. दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन दाब येतो. मग मागे दोनशे मीटर पाणी असो वा वीस किलोमीटर. लांबीचा हिशोब धरण फुटल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा खाली किती पाणी जाणार ते साठा ठरवतो.

यातलीच दुसरी गोष्ट: पातळी अर्धा मीटर वाढवली तर 'थोडंसंच' वाढलं असं वाटतं. एकूण जोर मात्र खोलीच्या वर्गानं वाढतो.

खालच्या पायथ्याशी कायम ओल असते. धरण गळतंय का?

पाझरतंय. पाझर नसलेलं मातीचं धरण मी तरी पाहिलेलं नाही. माती कितीही कुटली तरी तिच्यातून पाणी हळूहळू चालतच राहतं. किती चालेल याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्येच लिहून ठेवला. तेव्हा पाणी येतं का, हे विचारून उपयोग नाही. ते कुठून येतं आणि सोबत काय आणतं, हे विचारा.

रॉक टोमधून किंवा पायथ्याच्या चरीतून नितळ पाणी येत असेल तर उत्तम, ते त्याच्यासाठी ठेवलेल्या वाटेनं चाललंय. तेच पाणी उताराच्या मध्यावर फुटलं असेल, गवताचा एक पट्टा भर उन्हाळ्यात हिरवागार असेल आणि पाय ठेवला की पचपचत असेल, तर धरणाच्या आत पाण्याची रेषा जिथे असायला हवी त्याच्या वर चढली आहे. अभियंत्याला बोलवा. आणि पाणी गढूळ असेल तर त्याच दिवशी बोलवा. गढूळ पाणी म्हणजे धरण आतून वाहून चाललंय. आधी पेन्सिलीएवढी वाट होते, मग मनगटाएवढी. वाट रुंदावली की पाणी वाढतं आणि पाणी वाढलं की वाट रुंदावते. या प्रकाराला पायपिंग म्हणतात, आणि तो बाहेरून दिसायला लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो.

किती पुढे? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत होतं. धरण मोठं, ९० मीटरच्या वर. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास कामगारांना गढूळ झरे दिसले. बुजवायला बुलडोझर लावले, तेही खड्ड्यात गेले. दुपारचे बारा वाजायच्या आत माथा कोसळला. ११ माणसं गेली. तलाव पहिल्यांदा भरतो तो कुठल्याही मातीच्या धरणाचा सर्वांत नाजूक काळ, कारण सगळ्या चुका तेव्हा पहिल्यांदा पाण्याखाली येतात. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं तेही काम पुरतं संपलेलं नसताना, पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरत असताना.

शंका असेल तर एक साधी गोष्ट करा. काचेच्या बरणीत पाझराचं पाणी भरा, झाकण लावून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला तर बरणी तशीच अभियंत्याला दाखवा. फोनवर वर्णन करण्यापेक्षा ती जास्त बोलते.

पाझर मोजायचा कसा?

एका जागी पाणी जमवून पाइपातून बाहेर काढा, खाली बादली धरा, घड्याळ लावा. दहा सेकंदांत एक लिटर म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. पाझर जास्त असेल तर इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेला पत्रा बसवतात आणि खाचेवरून जाणाऱ्या पाण्याची उंची पट्टीनं मोजतात. काटकोनाच्या खाचेत ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं, १० सेंटिमीटरला सव्वाचार लिटरच्या वर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त, त्यामुळे पट्टीवरचा थोडासा फरकही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

एकट्या आकड्याला मात्र अर्थ नाही. त्याच्या शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी आणि पाऊस लिहिलेला हवा. तलाव उतरला की पाझरही उतरायला पाहिजे. पातळी तीच असून पाझर वाढला तर विचारा का. आणि अचानक कमी झाला तर जास्त जोरानं विचारा, कारण पाण्यानं दुसरी वाट धरलेली असू शकते.

उन्हाळ्यात पातळी झपाट्यानं उतरते. कुठेतरी भोक पडलंय का?

बहुधा सूर्य पितोय. कडक उन्हाच्या दिवसांत पाच ते आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. एक हेक्टर तलावावर पाच मिलिमीटर म्हणजे पन्नास हजार लिटर, रोज.

खात्री करायची तर एक बादली काठाजवळच्या उथळ पाण्यात, दगड घालून, कड वर राहील अशी ठेवा. बादलीत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा आणि आत-बाहेर खूण करा. आठवड्यानं दोन्ही उतार मोजा. आतलं पाणी फक्त उडालेलं, बाहेरचं उडालेलं आणि पाझरलेलं. दोन्ही जवळपास सारखे उतरले असतील तर उन्हाला दोष द्या. यात ओढ्याचं पाणी येत नसावं, कुणी पंप लावलेला नसावा आणि पाऊस पडलेला नसावा. सर्वांत अवघड अट दुसरी.

सांडवा वर्षभर कोरडाच असतो. तिथे गाड्या लावल्या किंवा खेळाचं मैदान केलं तर?

नको. मातीचं धरण माथ्यावरून पाणी गेलेलं सोसत नाही. दगडी धरणावरून पाणी उडी मारून जाऊ शकतं, मातीच्या धरणाचा मात्र खालचा उतार ते चरत नेतं आणि मग माथाच नाहीसा होतो. जादा पाणी माथ्यावर न चढता बाजूनं निघून जावं म्हणूनच सांडवा आहे. तो वर्षभर कोरडा असतो, दहा वर्षंही असेल, आणि ज्या रात्री लागेल त्या रात्री पूर्ण रुंदीनं लागेल. त्या रात्री तिथे उभी राहिलेली गाडी, जाळीचं कुंपण, बाकडं, झाडोरा, सगळं बुचासारखं काम करतं.

हा प्रश्न विचारणारेच 'पातळी थोडी वाढवू' असंही म्हणतात. नौकाविहाराला पाणी कमी पडतं, मग सांडव्याच्या उंबऱ्यावर फळ्या नाहीतर वाळूची पोती रचतात. पाणी अर्धा मीटर चढतं, सगळे खूश. काय झालं ते मात्र हिशोबात येत नाही. पूर्ण संचय पातळी आणि धरणमाथा यांच्यातलं अंतर पुराला आणि लाटांना मोकळं सोडलेलं असतं. छोट्या धरणात ते सगळं मिळून एक-दीड मीटर असतं. त्यातलं अर्धा मीटर नावेला देऊन टाकलं. सांडव्यातून किती पाणी जाईल हे उंबऱ्यावर किती उंचीनं पाणी चढतं त्यावर ठरतं, तेव्हा ती उंची घटली की सांडव्याची ताकद निम्म्याहूनही कमी होऊ शकते. पोती पुरात आपोआप वाहून जातील हा भरवसा मी अनेकदा ऐकलाय. त्यावर धरण सोडता येत नाही.

मासे सांडव्यातून वाहून जातात. जाळी लावली तर चालेल?

या प्रश्नाला इतिहासानं फार मोठं उत्तर देऊन ठेवलंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, सुमारे २२ मीटर उंचीचं. कालव्याला पाणी पुरवायला राज्यानं बांधलेलं, मग रेल्वे आली, कालवा निकामी झाला आणि धरणाचा वाली गेला. १८६२ मध्ये ते एकदा फुटलंही. मधल्या एका मालकानं तळाचे ओतीव लोखंडाचे पाइप काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते एका श्रीमंत क्लबनं सहलीसाठी आणि मासेमारीसाठी घेतलं. फुटलेला भाग बुजवला, पाइप पुन्हा बसवले नाहीत. म्हणजे तलाव भरला तर उतरवायची सोय संपली. माथ्यावरून घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा थोडा कापून रुंद केला. मधला भाग तसाही थोडा दबलेला होता. आणि पैसे देऊन सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या.

३१ मे १८८९ रोजी रात्रभराच्या पावसानं तलाव तासातासानं चढत होता. ओंडके आणि पालापाचोळा त्या जाळ्यांत अडकला. माणसं कचरा ओढत होती, माथ्यावर माती टाकत होती, दुसऱ्या टोकाला नवा चर खणत होती. दुपारी पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण गेलं. खाली २२-२३ किलोमीटरवर जॉन्सटाउन शहर होतं. २,२०९ माणसं मेली.

यातली एकही गोष्ट एकटी धरण फोडण्याइतकी मोठी नव्हती. पाइप, माथा, जाळी, प्रत्येक वेळी कुणालातरी ती बारीकशी सोय वाटली असणार. म्हणून उत्तर: सांडव्यावर जाळी लावू नका. मासे गेले तर परत सोडता येतात.

आमचा सांडवा शंभर वर्षांच्या पुरासाठी बांधलाय. मग आमच्या हयातीत काळजी नाही ना?

'शंभर वर्षांचा पूर' या नावानं फार लोकांना गाफील केलंय. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, पन्नास वर्षांत ३९ टक्क्यांहून जास्त. लागोपाठ दोन वर्षं आला तरी नियम मोडत नाही. शिवाय धरण बांधलं तेव्हा वरच्या अंगाला रान असेल आणि आता छपरं, रस्ते, काँक्रीट असेल, तर तोच पाऊस जास्त पाणी जास्त लवकर पाठवतो. जुना हिशोब पुन्हा करून घ्या.

धरणावर झाडं लावली तर माती धरून ठेवतील ना? सावलीही होईल.

लोक यावर नाराज होतात, पण धरणावर झाड नको. मूळ जिवंत आहे तोवर एक त्रास, मेल्यावर दुसरा. वाळलेलं मूळ कुजलं की आत तयार नळी राहते. वादळात मोठं झाड उपटलं तर बुंध्याबरोबर भरावाचा लचका निघतो, तोही नेमका पावसात, तलाव भरलेला असताना. दाट झुडपांत ओल दिसत नाही, भेग दिसत नाही, बीळ दिसत नाही. आखूड कापलेलं गवत मात्र हवंच, त्यासारखं स्वस्त आणि चांगलं संरक्षण दुसरं नाही.

झाडं आधीच मोठी झाली असतील तर घाईनं तोडून मोकळे होऊ नका. बुंधा आणि मुळं काढून खड्डा थराथरानं कुटून भरावा लागतो आणि त्यासाठी पातळी उतरवावी लागते. रोपटं असताना पाच मिनिटांचं असलेलं काम वीस वर्षांनी प्रकल्प होतं. सावली पायथ्यापासून दूर करा.

उंदीर, घुशी, साळिंदर, खेकडे यांनी खरंच धरण फुटतं?

बिळानं धरण कमजोर होतं, हे खरं. पाण्याच्या अंगाला खेकड्याचं बीळ आणि खालच्या अंगाला घुशीचं, तर पाण्याला जायची मधली वाट अर्धी झाली. कोकणातलं तिवरे धरण जुलै २०१९ मध्ये फुटलं तेव्हा खेकड्यांमुळे फुटलं असं विधान गाजलं आणि त्यावर विनोदही फार झाले. मला त्यातली एकच गोष्ट खटकते. खेकडा रात्रीत बोगदा खणत नाही. बीळ असलं तर ते आधीही होतं, गळती असली तर तीही आधी होती, आणि दोन्ही दिसत असतात.

बीळ सापडलं की तोंडावर दगड ठोकून समाधान मानू नका. आत पोकळी तशीच राहते. मातीचा पातळ गारा ओतून आतपर्यंत भरा, वरचा भाग उकरून कुटून बसवा. मोठं असेल तर खणून भरावं लागतं.

माथ्यावर भेगा पडल्यात.

दिशा बघा. काळ्या मातीत उन्हाळ्यात पडणाऱ्या जाळीदार, उथळ भेगा वाळण्याच्या असतात. पावसाआधी त्या भरून टाका, नाहीतर पाणी आत उतरतं. धरणाच्या लांबीला समांतर भेग म्हणजे भराव दबतोय किंवा उतार सरकायच्या बेतात आहे. भेगेची एक कड दुसरीपेक्षा खाली गेली असेल आणि खाली पायथा फुगलेला दिसत असेल, तर सरकणं सुरू झालंय. आणि आडवी भेग, म्हणजे पाण्याच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे जाणारी, ही सर्वांत वाईट. ती पाण्याला सरळ रस्ता देते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजा, तारीख घाला. वरून माती लोटून भेग झाकून टाकणं म्हणजे ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं.

माथ्यावरून फिरायला, सायकल चालवायला हरकत आहे का?

चालायला नाही. दुचाकी आणि जीपमुळे चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं, एका ठिकाणी फुटतं आणि उतारावर घळ पडते. माथ्याला तलावाकडे हलका ढाळ असावा. उतारावरून शॉर्टकट मारणाऱ्यांची पायवाट पहिल्याच पावसात ओहळ होते. तिथे पायऱ्या बांधून द्या. पाटी लावून लोक थांबत नाहीत, पायऱ्या बांधल्या की आपसूक त्यावरून जातात.

पिचिंगचे दगड हा वेगळाच विषय. गळ टाकणारे बसायला सपाट दगड शोधतात, पोरं पाण्यात टप्पे मारायला चपट्या खडीवर हात मारतात. एका धरणावर मी काठाकाठानं आरामात मांडलेली अकरा दगडी आसनं मोजली होती, आणि प्रत्येकाच्या मागे पिचिंगमध्ये एक खळगा. लाटा त्या खळग्यातूनच आत शिरतात. गळवाल्यांना काठावर दुसरीकडे छोटा धक्का करून द्या, दगड जागेवर राहतात.

तलावात पोहता येईल?

काठावर आखलेल्या उथळ भागात, लक्ष ठेवणारं कुणी असेल तर. धरणाच्या अंगाला कधीच नाही. तिथे तळ झपाट्यानं खोल जातो. सामान्य उतार एकास तीन असतो, म्हणजे काठापासून सहा मीटर आत गेलात की दोन मीटर पाणी. पिचिंग शेवाळलेलं असतं, आत घसरणं सोपं आणि वर चढणं अशक्यप्राय. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या पाइपच्या, विहिरीजवळ व्हॉल्व्ह उघडा असेल तर वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ इतकी असते की पट्टीचा पोहणाराही तोंडाशी चिकटून राहतो. सांडवा वाहत असताना त्याच्या उंबऱ्यावर फोटो काढणं हाही त्यातलाच प्रकार.

आणखी एक. वरचं पाणी कोमट असलं तरी दोन-तीन मीटरखाली ते एकदम गार असू शकतं. सूर मारणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी.

पाणी हिरवं झालंय. आणि एका सकाळी मासे मरून वर आले. कुणी विष टाकलं?

टाकलं असेलही, पण आधी प्राणवायूचा विचार करा. शेतातलं खत आणि सांडपाणी यांतून फॉस्फरस येतो, शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री सगळ्यांसारखं तेही घेतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात दोन-तीन दिवस आभाळ राहिलं, किंवा शेवाळ एकदम मरून कुजायला लागलं, की मासे गुदमरतात. मोठे मासे आधी, आणि पहाटे, असं असेल तर कारण बहुधा हेच.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली असेल तर ते नीलहरित शेवाळ असू शकतं. त्यातल्या काही जाती विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. माणसं, गुरं, कुत्री, सगळ्यांना दूर ठेवा. औषध मारून सगळं शेवाळ एका दिवसात मारणं हा मासे मारायचा खात्रीचा उपाय आहे. वरून येणारं खत थांबवल्याशिवाय बाकीचे उपाय एका हंगामापुरते.

उन्हाळ्यात गाळ काढून तलाव खोल करायचाय.

करा, पण धरणाच्या पायथ्यापासून लांब. तिथे बसलेला बारीक गाळ तळाला लेप दिल्यासारखा पाझर अडवत असतो. जेसीबीनं तो खरवडला की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पुढच्या वेळी तलाव भरला की खाली पाझर वाढलेला दिसतो. पायथा खणला तर उताराचा आधारही जातो. किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या आणि चुन्याची रेघ मारा, कारण यंत्रवाल्याला चांगला गाळ नेमका तिथेच मिळतो.

दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करायचाय. दोन दिवसांत होईल?

झाला तरी करू नका. भरावाच्या आतलं पाणी तलावाइतक्या वेगानं उतरत नाही. बाहेरच्या पाण्याचा आधार गेलेला, आतली माती अजून पाण्यानं जड, अशा अवस्थेत पाण्याच्या अंगाचा उतार घसरतो. छोट्या धरणांसाठी दिवसाला तीस सेंटिमीटरच्या आत राहा, चिकणमाती जास्त असेल तर त्याहून हळू.

व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत फिरवलेला नाही. चाललंय की सगळं.

चाललंय ते अजून गरज पडली नाही म्हणून. वर्षातून एकदा पूर्ण उघडून बंद करा. मात्र पहिल्यांदा उघडताना अभियंता जवळ असू द्या. गंजलेला व्हॉल्व्ह उघडतो आणि मग बंद होत नाही.

भरावातून जाणारा पाइप ही धरणातली सर्वांत संशयाची जागा. पाइपच्या पोटाखाली माती नीट कुटता येत नाही, आणि पाइप गंजून फुटला की माती आतून गळायला लागते. कोलोरॅडोतलं लॉन लेक धरण, जेमतेम आठ मीटर उंचीचं, १५ जुलै १९८२ च्या सकाळी फुटलं. विमोचक पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यातला शिसं भरलेला जोड जुना झाला होता. तीन माणसं गेली. पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी तलाव उतरलेला असतानाही गढूळ पाणी येत असेल, किंवा पाइपच्या रेषेत वर माथ्यावर खळगा पडला असेल, तर गृहीत धरा की जोड गेला.

कशाला घाबरायचं? म्हणजे नेमकं कधी पळायचं?

गढूळ पाझर वाढत चाललाय. तलावात धरणाजवळ भोवरा दिसतोय. माथ्यावर खड्डा पडतोय. उताराचा भाग सरकतोय. पाणी माथ्याच्या हातभर खाली आलंय आणि पाऊस थांबत नाही. यातलं काहीही दिसलं तर आधी खालच्या वस्तीला आणि आपत्ती यंत्रणेला कळवा, मग दुरुस्तीचं बघा. हा क्रम उलटा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. 'उगाच घबराट नको' या वाक्यात बहुमोल तास जातात.

हाताशी माणसं असतील आणि जागा सुरक्षित असेल तर विमोचक उघडून पातळी उतरवायला लागा. खालच्या अंगाला फुटलेल्या झऱ्याच्या तोंडात पोती कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असा थर द्या. पाणी येत राहतं, माती अडते. सरकणाऱ्या उतारावर आणि खळग्याशेजारी कुणीही उभं राहायचं नाही.

पाहणी किती वेळा करायची? आणि आमच्याकडे धरणाचे नकाशेच नाहीत.

महिन्यातून एकदा पायी, मोठ्या पावसात रोज, भूकंपाचा धक्का जाणवला तर लगेच. माथ्यावरून जा, खालच्या पायथ्यानं परत या. बहुतेकजण फक्त माथ्यावरून जातात, कारण तिथे वारा असतो.

नकाशे नसणं नवीन नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण वीजनिर्मिती थांबल्यावर नुसता सहलीचा तलाव म्हणून उरलं होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास ते फुटलं, ३९ माणसं झोपेत सापडून गेली. चौकशी करणाऱ्यांना मूळ आराखडे मिळाले नाहीत. मिळाला तो १९७३ चा एक फोटो, त्यात खालचा उतार घसरलेला स्पष्ट दिसत होता.

तेव्हा नकाशे होईपर्यंत फोटो काढा. माथ्याची दोन्ही टोकं, मधला भाग, पायथा, सांडवा, पाइपचं तोंड, अशा आठ-दहा जागा ठरवा, तिथे रंगवलेला दगड रोवा आणि दर वेळी त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेला फोटो घ्या. तलावाकडे पाठ करून.